मामाजी आणि सोयऱ्यांचा चहा

घराचे कूळ, शील आणि दानत त्या घरच्या चहाच्या पहिल्या घोटात उतरलेली असते, हे आमच्या मामाजींचे आयुष्यभराचे तत्त्व होते. तत्त्व चुकीचे होते. पण अमरावतीपासून अकोल्यापर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यातल्या बऱ्याच सोयरिकी त्याच्या आधाराने जमल्या, आणि त्या इतर कुठल्याही आधाराने जमलेल्या सोयरिकींइतक्याच बऱ्यावाईट निघाल्या.

मामाजी म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मोर्शीजवळ त्यांची संत्र्याची बाग होती. मुलीचे लग्न ठरवण्याआधी मुलाकडचे घर पाहून यायची आमच्याकडे रीत आहे. चार जाणती माणसे जातात. शेती किती, भाऊ किती, विहिरीला पाणी किती, ते विचारून येतात. मामाजी यातले काहीच विचारत नसत. भिंतीला टेकून बसत आणि चहाची वाट पाहत. चहा आला की तो बशीत ओतत, एक घोट घेत आणि डोळे मिटत. मग बैठकीतले सगळे आवाज हळूहळू खाली बसत. त्या वेळी त्यांचा चेहरा असा होई, की हा माणूस दुसऱ्याच कुठल्या गावाला पोचला आहे आणि परतीची बस चुकल्याचे त्याला मुळीच दुःख नाही.

निकाल लागे तो येताना एसटीत. दूध मोकळ्या हाताने टाकले असेल आणि साखर भिऊन, तर त्या घरात सासऱ्याचे काही चालत नाही. चहा एकदा उतरवून पुन्हा चढवला असेल, तर माणसे चांगली पण आळशी. एका तालेवार घरी चांदीच्या ट्रेमधून पाहुण्यांसाठी मुद्दाम पिशव्यांचा चहा आला. गरम पाण्याचा कप, त्यात दोरीला बांधलेली पिशवी. यजमान तो चहा कुठल्या डोंगरावरचा आहे ते सांगत होते. मामाजींनी पिशवी दोरीला धरून वर उचलली, थोडा वेळ पाहिली आणि हलकेच परत सोडून दिली. एसटीत एवढेच म्हणाले, "पत्तीले कोंडून ठेवतेत. पोरीले का मोकळं सोडतीन?" ती सोयरीक परतवाडा यायच्या आत मोडली.

त्यांचा स्वतःचा चहा महिन्यागणिक बदले. थंडीत गुळाचा, सुंठ घातलेला. गूळ मात्र पातेले खाली उतरवल्यावर, नाहीतर दूध फाटते. पावसाळ्यात गवती चहाच्या पातीला गाठ मारून ती गाठ उकळत्या पाण्यात सोडत. उन्हाळ्यात अकोल्याला माझ्याकडे आले की भर दुपारी अर्धा कप, कडक. बाहेर डांबर वितळत असताना हा माणूस खिडकीशी बसून घाम पुसत म्हणे की उन्हाले चहाच मारते. उन्हाला काही झालेले मी कधी पाहिले नाही.

पण संत्र्याला बहर आला की आले, वेलची, पात, सगळे बंद. मग चहा बागेतच होई, कडेच्या धुऱ्यावर तीन दगड मांडून, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर. पत्ती, साखर, दूध, बस. कारण विचारले तर म्हणत, "वास बाहेरून येऊन राहिला ना, मंग अंदर काहून टाकायचा?" आणि वास खरोखरच येत असे. पांढऱ्या फुलांचा तो वास इतका दाट, की झाडांखालून चालताना हाताने बाजूला सारावा लागेल असे वाटे. धूर जमिनीलगत बुंध्याबुंध्यांतून रेंगाळत जाई. मधमाश्यांचा एकच सूर सगळ्या बागेभर पसरलेला. मामाजींच्या बशीत फांद्यांमधले आभाळ पडलेले असे; ते त्यावर फुंकर घालत, आभाळ थरथरे, आणि मग ते शांतपणे पिऊन टाकत. अशा वेळी मलाही त्यांचे तत्त्व पटल्यासारखे वाटे. कप धुतला की ते जाई.

मग तापाची ती साथ आली. जगाला आली तशी मोर्शीलाही आली. मामाजी त्यातून उठले, पण त्यांचा वास आणि चव गेली ती गेलीच. त्यांनी हे कोणाला सांगितले नाही. पुढच्या बहरात मी बागेत गेले होते. बोलण्याच्या नादात मामीजींच्या हातून दूध तळाला लागले, चहा चांगलाच करपट झाला. मामाजींनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा." मी तोंड उघडणार तोच मामीजींनी माझा हात दाबला. नंतर विहिरीपाशी मला म्हणाल्या, "कोनाले सांगू नको माय. त्यायले वाटते, मले मालूम नाही." आम्ही परतलो तेव्हा मामाजी फुलांनी लदबदलेल्या एका झाडाखाली उभे होते आणि मोठमोठे श्वास घेत होते. आपल्याच घराचे दार आतून बंद असावे आणि आपण बाहेर उभे राहून कडी वाजवत असावे, तसे.

त्याच वर्षी थंडीत सुषमाच्या लग्नाचे निघाले. सुषमा त्यांची एकुलती एक मुलगी, अमरावतीला नोकरीला. मुलगा तिने स्वतःच शोधला होता, अकोटचा. दुसऱ्या कोणाशी लग्न करायचे नाही, हे तिने मला आधीच सांगून ठेवले होते. पण मामाजींना ती म्हणाली, "बाबा, तुमी चहा पिऊन या. तुमी नाही म्हनलं तर मी नाही करत." इतकी शिकलेली मुलगी, पण त्या बशीच्या निकालांवरच लहानाची मोठी झालेली. ज्या जिभेवर तिने आपले लग्न टांगले होते ती जीभ केव्हाच विझली आहे, हे तिला माहीत नव्हते. मामीजींनी मला मामाजींबरोबर पाठवले.

अकोटच्या घरी मामाजींची कीर्ती आधीच पोचलेली होती. चहा आला. रंग डबक्यातल्या पाण्यासारखा. मी घोट घेतला. आले, सुंठ, वेलची, जायफळ, तुळस आणि या सगळ्यांच्या मागे दबा धरून बसलेला ओवा. मुलाची आई पदराचे टोक पिळत मामाजींच्या बशीकडे पाहत होती; आजी आणि मुलगा तिच्यामागे दारात उभे होते. मामाजींनी डोळे मिटले. पण या वेळी ते कुठल्याच गावाला गेले नाहीत. मिटलेल्या पापण्यांच्या आत एक माणूस अंधाऱ्या घरात भिंती चाचपत फिरतो आहे, हे मला बसल्या जागी दिसत होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडले आणि आणखी अर्धा कप मागितला. असे त्यांनी आजवर कुठेच केले नव्हते. घर आनंदले. तोही अर्धा कप त्यांनी तसाच चाचपत संपवला आणि निरोप घेतला.

एसटीत ते खिडकीशी बसले. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांवरून उडालेल्या कापसाचे पुंजके अडकले होते; संध्याकाळच्या उजेडात त्या काटेरी झाडांना भलत्याच ऋतूत फुले आल्यासारखे दिसत होते. मामाजी त्यांच्याकडे पाहतच म्हणाले, "मले आता काहीच लागत नाही. तुले मालूम हाय. तुह्या मामीलेबी मालूम हाय. तिले वाटते, मले मालूम नाही." मग वळले. "आता तू सांग, कसा होता? खोटं नको बोलू. पोरीचा सवाल हाय."

मी म्हटले, मामाजी, तो चहा नव्हता, काढा होता. घरातल्या प्रत्येकाने तुमच्या धाकाने गुपचूप जाऊन त्यात काही ना काही टाकले असावे.

"बुढीनंबी?"

"पाया पडले तेव्हा आजीच्या हाताला ओव्याचा वास होता."

"अन् पोरानं?"

"त्याच्या बाहीवर चहा सांडलेला होता."

मामाजी पुन्हा खिडकीकडे वळले. बाभळी मागे गेल्या, तुरीची रिकामी वावरे आली, एक स्टँड येऊन गेला. मग म्हणाले, "मंग देऊन टाकू. ज्या घरात सारेच्या सारे चुलीपाशी जातेत, तिथं पोरीच्या एकटीच्या गळ्यात चूल नाही पडत."

सुषमाला त्यांनी सांगितले ते एवढेच, की चहा पिऊन आलो, चांगले लोक आहेत. आजवरचे त्यांचे सगळे होकार बऱ्या चहावर उभे होते. हा एकच इतक्या वाईट चहावर दिलेला, आणि तोच सगळ्यात टिकाऊ निघाला. सुषमा खरोखरच सुखात आहे.

नंतरच्या एका बहरात मामाजी गेले. सकाळी बागेत बाजेवर पडले होते. मामीजी चहा घेऊन गेल्या तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते, म्हणून त्या शेजारी बसून राहिल्या. त्यांचे डोळे उघडायची वाट पाहायची त्यांना सवयच होती. किती वेळ बसल्या, ते त्यांना सांगता आले नाही. फुलांचा वास फार होता, असे म्हणाल्या.

तेरवी आटोपल्यावर मी दोन दिवस सुषमाकडे अकोटला राहिले. सकाळी उठून चहाची वाट पाहत बसले. बऱ्याच वेळाने सुषमा आली आणि ओशाळून म्हणाली, की ताई, दूध चालेल का? त्या घरात चहा कोणीच पीत नाही. आधीही पीत नव्हते. आम्ही घर पाहायला गेलो त्या दिवशीची पत्ती शेजारून आणली होती. बशासुद्धा.