मोडीत दिलेली बंगई

आमचं घर सजवायला ठेवलेल्या डेकोरेटरने मला फसवलं. त्याने पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. पैशाच्या व्यवहारात मला फसवणारा अजून भेटायचा आहे. त्याने मला एका शब्दात फसवलं. तो शब्द 'मॉडर्न'.

पारशिवनीकडच्या खेड्यातून मी नागपुरात आलो तेव्हा शहराच्या कडेला, वाडी या भागात, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे भाड्याची खोली घेतली होती. खाट, पेटी आणि स्टोव्ह एवढंच सामान. दार उघडलं की समोर ट्रकचं तोंड. गोदामात पोती मोजण्यापासून सुरुवात केली आणि दहा-बारा वर्षांत स्वतःचे दोन ट्रक उभे केले. पोतं हलवून पाहिल्याशिवाय मी कुणाचं वजन मानलं नाही आणि पहिल्या भावाला कधी हो म्हटलं नाही. सत्तर सालाच्या आसपास शहराच्या त्या अंगाला नवे ले-आउट पडत होते. त्यातल्या एकात प्लॉट घेऊन घर बांधलं.

घर पक्कं होतं, पण आत वाडीची खोलीच मोठी करून ठेवल्यासारखं दिसायचं. एकच वस्तू बघण्यासारखी होती, बैठकीतली बंगई. दुसरीकडे तिला झोपाळा म्हणतात. माझे सासरे शेती करून सुतारकाम करायचे. लेकीच्या लग्नात त्यांनी ती स्वतःच्या हाताने केली होती. अखंड सागवानी फळी, पुढच्या कडेला ओळीने कोरलेले सात राघू. सातव्याला चोच नव्हती. तिथे लाकडात गाठ आली होती. "गाठीवर पटाशी मारली असती तर फळी फाटली असती, जवाईबापू," ते मला सांगायचे. "म्हून त्याले मुका ठेवला."

बायकोचं सगळं त्या बंगईवर चालायचं. गहू निवडणं, भाजी चिरणं, दुपारचं आडवं होणं. आमच्या दोन्ही मुली त्याच फळीवर झोपून मोठ्या झाल्या. मला मात्र माल बुक करणारे व्यापारी घरी येत तेव्हा ती अडचण वाटे. एका व्यापाऱ्याच्या घरी मी गालिचा, काचेचं टेबल, कोपऱ्यातला उंच दिवा पाहून आलो होतो. आपल्याकडे तो आला तर बंगईवर पसरलेले गहू बघणार, हे मला खुपत होतं.

त्याच व्यापाऱ्याने डेकोरेटरचं नाव सुचवलं. मुंबईला शिकून आलेला, जाड काड्यांचा चष्मा, मान किंचित तिरपी करून बोलायची सवय. पहिल्या दिवशी त्याने कुठलंच माप घेतलं नाही. बैठकीत उभा राहून चारी भिंतींकडे असं पाहिलं, की मला माझ्याच घराची लाज वाटली.

"साहेब, घराला एक स्टाइल असावी लागते. तुमच्या घरात सामान आहे, स्टाइल नाही."

मग त्याने गुळगुळीत कागदाची विलायती मासिकं उघडली आणि मला शिकवायला बसला. हे मात्र मी मन लावून शिकलो. कापसाची प्रत शिकलो होतो, कोळशाची शिकलो होतो, तशी घरांचीही शिकलो. कलोनियल म्हणजे आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांसारखं: उंच छत, वेताच्या खुर्च्या, साहेब निघून गेला तरी त्याची टोपी अडकवायची खुंटी जागेवर. ट्रॅडिशनल म्हणजे कोरीव काम, पितळ, लोड-तक्के. स्कॅन्डिनेव्हियन म्हणजे थंड देशातलं. फिकट लाकूड, बारीक पाय आणि खिडकीतून येईल तेवढं ऊन घरात घ्यायचं. ते मी ऐकताक्षणी बाद केलं. मे महिन्यात ऊन घरात घेणारा माणूस नागपूरचा नसतो.

"आणि मॉडर्न?" मी विचारलं.

"मॉडर्न म्हणजे जे नको ते काढून टाकणं."

हे मला पटलं. ट्रक भरताना मी तेच करतो.

स्वयंपाकघराच्या दारातून बायको ऐकत होती. डेकोरेटर गेल्यावर म्हणाली, "मोडरन म्हंजे मोडलेलं का हो?"

"तुले नाही समजत वं."

"नाही समजत म्हून तं विचारून राहिली. काय काय मोडणार हाय तो?"

दुसऱ्या भेटीत ते कळलं. कूलरची खिडकी बंद होणार होती, कारण वाळ्याच्या ताट्या मॉडर्नमध्ये बसत नाहीत. छताखाली दुसरं छत येणार होतं. आणि बंगई जाणार होती. "हलणारी वस्तू खोलीच्या मधोमध असली की नजर ठरत नाही," तो म्हणाला.

मी लगेच म्हणालो, "मग तिची मोड धरा."

भांड्यांच्या दुकानात जुनी घागर देऊन नवी घेताना जुन्या धातूची जी किंमत कापून देतात, ती मोड. घागरीची मोड मी दुकानदाराच्या घशातून काढत आलो होतो. डेकोरेटर हसला. "लाकडाला कसली मोड, साहेब? जुनाट माल आहे. जळाऊच म्हणायचा."

इथे माझं चुकलं. सागवान मी बोटाचं पेर आपटून, वास घेऊन ओळखतो. लाकडाच्या व्यापाऱ्यांचे ट्रक भरले आहेत मी. पण रोजच्या बसण्याच्या फळीवर कोण पेर आपटून बघतो? मी माझ्या जिद्दीने दुसऱ्याच गोष्टीवर अडलो. मोड नाही तर नाही, पण ती काढून न्यायचा खर्च मी देणार नाही. हातठेला तुमचा, माणसं तुमची. तो 'परवडत नाही' म्हणाला, कपाळ पुसलं, दाराशी जाऊन परत आला आणि शेवटी कबूल झाला. मी त्या संध्याकाळभर खुशीत होतो. सौद्यात हातठेल्याचं भाडं जिंकलं होतं.

बायको म्हणाली, "बाबांले काय सांगाल?"

"सांगू काहीतरी."

"तुमीच सांगा मंग. मी नाही सांगणार."

त्यावर ती पुढे एक शब्द बोलली नाही. मी तो होकार समजलो. व्यवहारात समोरचा गप्प बसला की सौदा झाला असं आम्ही धरतो. घरात ते चालत नाही, हे मला पुढे कळलं.

घर मॉडर्न झालं. एका भिंतीला नारिंगी रंग, दुसरीवर बर्फाच्या डोंगराचा कागद. बैठक आणि जेवणघर यांच्यामध्ये गोल गोल भोकांचं पार्टिशन, प्लायवर चकचकीत मायका चिकटवलेला. लोखंडी पायांचे बुटके सोफे, त्यावर रेक्झिन. व्यापारी आले, 'वा' म्हणाले. मग एप्रिल लागला. खालच्या छतामुळे पंखा डोक्यावर आला आणि गरम हवाच ढवळू लागला. रेक्झिनवर बसलेला पाहुणा उठला की पाठ सोलल्यासारखा आवाज यायचा. मे महिन्यात मी स्वतः घण घेऊन कूलरची खिडकी पुन्हा फोडली. कूलरच्या ओलाव्याने पार्टिशनचा प्लाय फुगला आणि मायक्याचे कोपरे उचलले. धाकटी मुलगी जाता-येता ते नखाने सोलायची. मी तिच्यावर ओरडायचो आणि बायको पदर तोंडाला लावायची.

हे सगळं मी पचवलं असतं. घर माझं, चूक माझी. पण तूर निघाल्यावर सासरे आले.

ते दरवर्षी यायचे, पोतंभर तूर घेऊन. बैठकीत आले, चपला काढल्या, सोफ्याकडे पाहिलं आणि खाली फरशीवर बसले. मग वर पाहिलं. बंगईच्या कड्या नव्या छताच्या आत गेल्या होत्या.

"जवाईबापू, बंगई कुठी गेली?"

मी म्हणालो, "रंगवायला दिली."

"सागवानाले रंग?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून?"

"आता सगळं तसंच करतात, बाबा."

त्यांनी पुन्हा एकदा वर पाहिलं. चहा घेतला. दुसऱ्या वर्षी आले तेव्हा दारातूनच विचारलं, "रंग वाळला का, जवाईबापू?" मुली हसल्या. मीही हसलो. बायको उठून आत गेली. तिसऱ्या वर्षी म्हणाले, "लय कोट देऊन राहिला वाटते तुमचा रंगारी." त्या दिवशी ती जेवताना माझ्या ताटाकडे न बघता वाढत होती.

मी आयुष्यात खोटं बोललो नाही असं नाही. सौद्यात बोललो आहे. पण सौद्यातलं खोटं दोन्ही बाजूंना माहीत असतं. हे खोटं मला दरवर्षी तूर उतरवून घेताना बोलावं लागत होतं. ते खोटं मिटवायचा मला एकच मार्ग दिसत होता, बंगई परत आणून टांगायची. मी डेकोरेटरकडे दोनदा माणूस पाठवला. निरोप आला, लाकूड कधीच जळालं.

ऐंशी साल उलटून गेल्यावर सिव्हिल लाइन्समधल्या एका कुटुंबाचं सामान दुसऱ्या गावी हलवायचं काम माझ्याकडे आलं. सामान बघायला मी स्वतः गेलो. बैठकीच्या कोपऱ्यात बंगई होती. हलत नव्हती. खाली दगडी ठोकळे देऊन पक्की बसवली होती आणि फळीवर झाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या. मी वाकून कड पाहिली. सात राघू. शेवटचा मुका.

मी फळीवर हात टेकला तशा घरच्या बाई म्हणाल्या, "अहो, त्यावर बसू नका हं. अँटिक आहे. डेकोरेटरने कुठल्याशा खेड्यातून शोधून आणली. एथनिक स्टाइल."

डेकोरेटर कोण, ते मी विचारलं. तोच.

मी तिथेच भाव विचारला. काय घ्याल ते घ्या म्हणालो. असं मी तोंडाने कधी म्हटलं नव्हतं. बाई हसल्या. "विकायची नाही हो. तिच्यावरच तर खोलीची सगळी थीम आहे. नवीन घरीही हीच लागणार." ते काम मी घेतलं नाही. माझी बंगई माझ्याच ट्रकमधून दुसऱ्याच्या घरी पोचवायची एवढा कोडगा मी अजून झालो नव्हतो.

तिथून सरळ डेकोरेटरच्या ऑफिसात गेलो. तिथे आता मॉडर्न काहीच नव्हतं. पितळी समया, मातीचे घोडे, बैलगाडीच्या चाकाचं टेबल.

"बंगई जळाली म्हणाला होतात."

त्याने नकार दिला नाही. मान तिरपी केली. "साहेब, तुमच्या घरात ती जुनाटच होती. त्या घरात ती एथनिक झाली. वस्तू तीच असते, बॅकग्राउंड बदलतं."

"म्हणजे मी बॅकग्राउंड?"

"चिडू नका. तुम्ही तर तिला न्यायचं भाडंसुद्धा दिलं नाहीत. तुम्हालाच ती नको होती."

मी त्याच्या टेबलावर हात आपटला आणि एक मातीचा घोडा पडून फुटला. तो माझ्याकडे नाही, घोड्याकडे बघत राहिला. मी निघून आलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "कुंड्या ठेवल्या म्हंता? पाणी गळत असन तं फळी काळी पडन." मग गॅस बंद करायला गेली.

यंदा तूर घेऊन सासरे आले. आता त्यांना नीट चालवत नाही. फरशीवर बसले, मुलींची चौकशी केली, पाणी प्यायले. बंगईचं विचारलं नाही. मीच म्हणालो, "बाबा, ती बंगई—" त्यांनी हात वर केला. "राहू द्या, जवाईबापू." बायको दारात उभी होती.

तो डेकोरेटर आता महिला मंडळांत भाषणं देतो, आपली परंपरा घरात कशी जपावी यावर. माझ्या मोठ्या मुलीने एक ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं. या चुकीतला माझा वाटा मी वर लिहिला आहे. खोटं मी बोललो, बायकोला मी विचारलं नाही. त्याचा वाटा बाकी आहे. त्याने माझ्या घरी यावं, सासरे इथे असताना यावं. फरशीवर त्यांच्यासमोर बसावं आणि त्यांच्या तोंडावर सांगावं: ते लाकूड जळाऊ होतं तर त्याने जाळलं का नाही, आणि जळाऊ नव्हतं तर मला तसं का सांगितलं?