पिकअपचं पाणी जातं कुठे

गॅरेजच्या बाकावर माणसाला बसून राहण्याशिवाय काम नसतं, म्हणून तिथे किस्से साठत जातात. आंबिवलीला बबनभाऊंच्या गॅरेजात मी तीन दिवस बसले होते. हे गेले त्याला चौदा महिने झाले. आमच्या नर्सरीची रोपं पोचवायला त्यांची जुनी पिकअप आता मीच चालवते. तिचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, आठवड्याला लिटरभर गायब व्हायचं आणि खाली थेंब नाही. दोन मेकॅनिकनी सांगितलं होतं, "इंजिनाचं हेड गेलंय. भंगारात काढा."

बबनभाऊ म्हणाले, "बसा वहिनी. आधी बघू तरी."

•

पहिल्या दिवशी नौपाड्याचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले. रोज सकाळी गाडीखाली हिरवं पाणी साचतं म्हणाले. फोनवर फोटोही होता. बबनभाऊंनी बॉनेट उघडलं. कूलंटची टाकी काठोकाठ भरलेली.

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "साहेब, गाडीच्या मागे काय आहे?"

"रसवंती."

"मग तुमची गाडी नाही, रसवाला गळतोय."

•

एका टेम्पोवाल्याची गाडी घरी गळायची, गॅरेजात आली की ठणठणीत. तिसऱ्यांदा आला तेव्हा बबनभाऊंनी इंजिनाला हातही लावला नाही. विचारलं, "घरी कशी लावतोस रे?"

"उतारावर. तोंड खाली करून."

त्यांनी जॅक लावून मागची चाकं उचलली आणि चहा घेतला. चहा संपायच्या आत पुढच्या पाइपातून थेंब पडला.

टेम्पोवाला म्हणाला, "म्हणजे ही माहेरी हसते आणि सासरी रडते."

•

आमच्या पिकअपची पाळी आली तेव्हा बबनभाऊंनी आधी ऑइल पाहिलं. स्वच्छ. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. मग इंजिन, पाइप, रेडिएटर सगळं फडक्याने कोरडं केलं आणि लहान मुलांची पावडर आणून वरून भुरभुरवली. ओल कुठे धरते ते पावडरवर उमटतं.

शेजारच्या बॅटरीच्या दुकानातले तात्या डोकावले. "बबन, आता तीटपण लाव."

इंजिन चालू ठेवून आम्ही तिघं बघत राहिलो. वीस मिनिटं काही नाही. इंजिन चांगलं तापलं, तेव्हा रेडिएटरच्या कडेला केसाएवढी रेघ उमटली. पाणी तापलेल्या पत्र्यावरच सुकत होतं, खाली पोचतच नव्हतं.

"हेड शाबूत आहे वहिनी. फक्त रेडिएटर बदलू. गाडी कुठे जात नाही तुमची."

मी मान हलवली.

•

पण बबनभाऊ वाकलेलेच होते. कूलंट हिरवं, रेघ मात्र पिवळी होती. त्यांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि बोट माझ्यापुढे धरलं. हळद.

"जुने ड्रायव्हर टाकायचे. रस्त्यात रेडिएटर गळायला लागला की हळद फुगून भोक बुजवते. ही बरीच जुनी आहे. तुमच्या साहेबांनीच टाकली असणार."

मला हे ठाऊक नव्हतं.

"आणि माप बघा," ते तात्यांना म्हणाले. त्यांच्या आवाजात देवळात येतो तसा हळुवारपणा आला होता. "चिमूटभर जास्त पडली असती तर सगळं तुंबलं असतं. कमी पडली असती तर एवढे दिवस टिकली नसती. रोज स्वयंपाक करणाऱ्याचा हात आहे हा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "आमच्या यांना तर चहासुद्धा करता येत नसे."