हमालाचा अर्धा वाटा

"हजर आहो भाऊ!" सकाळी काट्यापाशी येऊन, कपाळाला दोन बोटं लावून तो एवढंच म्हणायचा, आणि मी मान हलवल्याशिवाय पुढे जायचा नाही. मी बाजार आवारात मापारी, शेतमालाची पोती तोलतो. तो हमाल. तुमच्याही गावात असा एखादा असेलच, पाठीवर क्विंटलाचं ओझं असलं तरी ज्याचं तोंड बंद राहत नाही. माझ्या चष्म्यावरून तर त्यानं मला कधी सोडलं नाही. "भाऊ, काटा बराबर आहे, पन पाहनाऱ्याचं का?"

दोन वर्षांपूर्वी त्याला मिरगीचे झटके यायला लागले. बोलता बोलता डोळे फिरायचे आणि माणूस खाली. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी झटके कमी झाले, पण पाठीवर पोतं घेणं सुटलं ते सुटलंच.

आमच्या हमालांच्या टोळीत एक जुना रिवाज आहे. आजारी गडी आवारात हजर राहिला आणि बसून पोत्यांची तोंडं शिवत असला, तर संध्याकाळी त्याला अर्धा वाटा मिळतो. त्यामुळे हा अंगात ताप असला तरी यायचा. दाभण-सुतळी घेऊन थप्पीच्या सावलीत बसायचा. ओलं सोयाबीन आलं की मूठभर हातात घेऊन शेतकऱ्याला म्हणायचा, "बाप्पा! हे तं माह्यापेक्षा बिमार आहे. याले दवाखान्यात न्या." शेतकरी चिडायचा, मग हसायचा. मी मात्र तोलता तोलता सारखा तिकडे बघत असायचो. खरं सांगतो, त्या दोन वर्षांत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"घरी पडून राय ना गड्या," मी म्हणायचो.

"आराम परवडत नाही भाऊ," म्हणून तो पुढचं पोतं ओढायचा.

यंदा सोयाबीनचा हंगाम भरात होता. आवारात पाय ठेवायला जागा नाही. एक ट्रॅक्टरवाला ट्रॉली मागे घेत होता, आणि हा बरोबर तिच्या मागे कोसळला. मी घसा फाटेस्तोवर ओरडलो. चाक त्याच्या डोक्यापासून वीतभरावर थांबलं. दिवसभर मला काट्यावरचे आकडे दिसेनात.

मग मी शहाणपणा केला. टोळीच्या म्होरक्याला पटवलं, की याला घरी बसू द्या, अर्धा वाटा मी स्वतः नेऊन देतो. हा गडी ऐकणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून बाजार समितीच्या ऑफिसात सचिवांना लेखीही दिलं: या माणसाला झटके येतात, त्याला आवारात घेऊ नये. दुसऱ्या दिवशी त्याला फाटकावर अडवलं. तो लांबूनच मला म्हणाला, "काहून केलं भाऊ असं?" मी हात हलवून त्याला घरी जायला सांगितलं. एक माणूस वाचवला म्हणून त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाटा द्यायला त्याच्या घरी गेलो. सोंगणीचे दिवस, वस्तीतल्या सगळ्या बाया वावरात. आणि याची बायको दारात बसलेली.

"वहिनी, कामाले नाही गेल्या?"

"कशी जाऊ? तुमी त्याले घरी बसोलं, अन् मले बी बसोलं."

"पन अर्धा वाटा तं येऊन राह्यला ना?"

"तेवढाच येऊन राह्यला. माही रोजी गेली ना भाऊ! तिकडे वीस मानसायची नजर राहे त्याच्यावर, म्हून मी बिनघोर वावरात जाओ. इथं कोन पाह्यते? मांगच्या साली चुलीत पडता पडता वाचला."

तो आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. वळला नाही.

माणूस आजारी पडला की त्याची कमाई जाते, एवढंच मी धरलं होतं. त्याला सांभाळत बसणाऱ्याचीही जाते, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. तो बायकोला कामाला मोकळं करायला आमच्यात येऊन बसत होता, आणि मी फाटक लावून घेतलं. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी सचिवांकडे अर्ज मागे घ्यायला गेलो. "तुम्हीच लिहून दिलंय. उद्या काही झालं तर मान माझी अडकेल," ते म्हणाले. मी रोज ऑफिसात जात राहिलो; वाटा मात्र तीन-चार दिवसांचा एकदम नेऊन देत होतो. हात जोडले, भांडलोही. दहाव्या दिवशी ते वैतागून म्हणाले, "आणा त्याला, पण तुमच्या जबाबदारीवर."

काटा तसाच सोडून मी त्याच्या घरी पळालो. दाराला कुलूप. शेजारची म्हातारी वालाच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "ते दोघं तं परवा ऊस तोडाले गेले. मुकादमाचा ट्रक आला होता."

"त्याले झटके येतात न माय!"

"तिथं नवरा-बायकोची जोडीच लागते. बायको म्हने, हा पडला तरी मी बाजूलेच राहीन, अन् दोघायचीबी मजुरी चालू राहीन."

तेव्हापासून फोन लावतो, लागत नाही. कोणत्या कारखान्याकडे गेले, कुणालाच नक्की ठाऊक नाही. तो पडला तर धरायला ती जवळ आहे, असं मी रोज मनाला समजावतो. पण झटका सांगून येत नाही, आणि उसाच्या फडात दिवसभर त्याच्या हातात कोयता असतो.