बाबांची जमीन आणि पापडीची पिशवी

चहा आधी पिऊन घ्या, कारण माझा हा पराक्रम ऐकल्यावर तो घशाखाली उतरायचा नाही. अर्धवट शिकलेलं माणूस काय करू शकतं, म्हणता? समा गावाच्या पुढची दोन बिघे जमीन घालवू शकतं. मी घालवली.

ही जमीन पणजोबांना संस्थानच्या फौजेतल्या चाकरीबद्दल मिळालेली. बाबा नंदेसरीला कारखान्यात, आम्ही फतेगंजला दोन खोल्यांत. शेती करणार कोण? म्हणून बाबांनी शेजारच्या शेतातल्या रावजीकाकांना सांगितलं, तुम्हीच पिकवा. लेखी काही नाही. दर उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, काका पिशवीभर पापडीच्या शेंगा आणून देत. तिची उंधियुची भाजी व्हायची आणि आई सगळ्यांना सांगायची, आपल्या जमिनीतली पापडी आहे हो.

बाबा रिटायर झाले ते खोकला घेऊनच. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली. तिथे दोन खोल्या बांधून राहायचं, एवढंच त्यांचं स्वप्न. काका लगेच कबूल झाले, फक्त उभं पीक निघू द्या म्हणाले.

आणि नेमकी तेव्हाच मी लॉ कॉलेजात गेले. बाबांचं नशीब, दुसरं काय?

जमिनीच्या कायद्याचा तास होता. सर म्हणाले, दुसऱ्याच्या जमिनीवर कोणी बारा वर्षं उघडपणे, अखंड, मालकाला न जुमानता कब्जा ठेवला, तर मालकाचा हक्क जातो. मी बोटांवर मोजलं. रावजीकाकांना चौदा वर्षं झाली होती!

दुसऱ्या दिवशी तास बुडवून घरी, जमीन सोडा अशी नोटीस लिहायला बसले. चांगली इंग्रजीत. वजनदार व्हावी म्हणून वहीतले सगळे शब्द तिच्यात कोंबले. 'आपण गेली चौदा वर्षे आमच्या परवानगीशिवाय, उघडपणे, अखंड, आमचा हक्क नाकारून कब्जा करून आहात.' मी अर्थ सांगितला तेव्हा बाबा घुटमळले.

"अगं, परवानगी मीच दिली होती ना?"

कायद्यात असंच लिहितात, असं मी ठोकून दिलं. पोरगी वकील होणार, या कौतुकात त्यांनी सही केली आणि नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली.

महिन्याभरात उत्तरायण आलं. काका दारात उभे, एका हातात पापडी, दुसऱ्या हातात नोटीस. "भाई, में क्यारे ना पाडी?" एवढंच म्हणाले. म्हणजे, मी कधी नाही म्हटलं होतं? बाबा पिशवी घेणार तोच मी मध्ये पडले. विरुद्ध पक्षाकडून काही घ्यायचं नसतं, असं ऐटीत सांगून पिशवी परत केली. काका तसेच निघाले ते इंग्रजी कागद वाचून घ्यायला थेट वकिलाकडे, आणि त्या वकिलाने जमिनीवर काकांच्या नावाने दावाच लावला.

मग आम्हीही एक वकील गाठले. त्यांनी नोटीस दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"परवानगीने बसलेला माणूस शंभर वर्षं बसला तरी मालक होत नाही. वर हा दरसाल पापडी देत होता, म्हणजे तुम्हालाच मालक मानत होता. हे 'परवानगीशिवाय' कोणी लिहिलं?"

मी छताकडे बघत बसले. बुडवलेल्या तासाला सरांनी नेमकं हेच शिकवलं होतं, हे पुढे मैत्रिणीच्या वहीतून कळलं.

कोर्टात काकांच्या वकिलाचा पहिला पुरावा आमचीच नोटीस. बाबा पिंजऱ्यात उभे राहून खोकत खोकत म्हणाले, सही माझीच आहे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण तीही आता रावजीकाकांची होती.

आमच्या विरुद्ध निकाल लागला त्याच महिन्यात माझी वकिलीची सनद आली. बाबा अजून त्याच दोन खोल्यांत आहेत, खोकल्यासकट.

यंदा उत्तरायणला दार वाजलं. रावजीकाका, हातात पिशवी. डोळ्यांत राग नव्हता, थट्टाही नव्हती. थट्टा असती तर बरं झालं असतं.

"हवे तो ले, बेटा. आ मारा खेतरनी छे."

आता तरी घे, माझ्या शेतातली आहे. माझा हात काही पुढे होईना. आतून आधी बाबांचा खोकला आला, मग आवाज.

"घे गं. पहिलीच केस जिंकून दिलीस त्यांना. फी परत करू नये."