सगळ्या फ्लॅटांमधला निळा सोफा

लग्नानंतर पहिली काही वर्षं आम्ही साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी शाळेत शिकवत होते, नवरा जिल्ह्यातल्याच खंडाळ्याकडे एका कंपनीत जायचा. स्वतःचं घर घ्यायचं ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या घरांत फ्लॅट घेतलेलं कुणीच नव्हतं. माझे आईवडील सांगलीचे, आजोबांनी बांधलेल्या घरातच राहिलेले. सासरे माणदेशातले. त्यांच्या तरुणपणी मेंढरं जिथं बसतील तिथंच त्यांचा मुक्काम. पुढे शेती आली, तेव्हा कुठे डोक्यावर छप्पर आलं. मुलगा फ्लॅट बघतोय म्हटल्यावर ते पिशवी घेऊन आमच्याकडे राहायलाच आले. घर बघायला जाणतं माणूस लागतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणते.

पहिला फ्लॅट आम्हाला मोबाईलवर सापडला. फोटोत ऐसपैस हॉल, निळा सोफा, त्यावर पिवळ्या उशा, कोपऱ्यात मनीप्लँट, भिंतीवर कॅलेंडर. दुसऱ्या फोटोत बाल्कनी आणि समोर अख्खा अजिंक्यतारा. नवऱ्याने तो किल्ला बोटांनी मोठा करून करून बघितला. मामांनी एवढंच विचारलं, की सोफा घराबरोबर देतात का.

प्रत्यक्षात हॉलमध्ये सिमेंटची पोती होती आणि एक फुटकं कमोड होतं. एजंट तिशीतला, स्वच्छ शर्टातला, फार नम्र माणूस. आल्या आल्या त्याने सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या दिल्या. फोटो फक्त अंदाज यावा म्हणून असतात, म्हणाला. बाल्कनीसमोर शेजारच्या इमारतीची न्हाणीघरं होती. नवऱ्याने किल्ल्याची चौकशी केली, तेव्हा एजंटने त्याला गच्चीवर नेलं आणि शिडीवरून पाण्याच्या टाकीवर चढवलं. तो गुडघा खरचटून खाली आला आणि म्हणाला, दिसतो खरा.

मामांनी एजंटला शांतपणे विचारलं, "म्हंजे रोज टाकीवर बसून च्या प्यायचा का आमी?"

दुसरा फ्लॅट त्याच एजंटकडचा, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. याच्याही फोटोत निळा सोफा आणि पिवळ्या उशा होत्या. फक्त मनीप्लँट डावीकडून उजवीकडे गेला होता. नवरा म्हणाला, असे सोफे हल्ली सगळीकडेच मिळतात. पण मुलांच्या वह्या तपासून तपासून उलटी अक्षरं मला चटकन दिसतात. कॅलेंडरवरची सगळी अक्षरं उलटी होती. एजंटने तोच फोटो आरशासारखा फिरवून टाकला होता.

तरी आम्ही गेलो, कारण बाकीचे फोटो बरे होते. त्यातली बेडरूम तर इतकी मोठी, की साखरपुडा आटोपला असता. तिथं पोहोचल्यावर मामा सरळ फरशीवर आडवे झाले. डोकं खिडकीखालच्या भिंतीला टेकलं आणि पाय दाराबाहेर पॅसेजमध्ये आले. मामा काही उंच नाहीत.

"पलंग तिरका टाकला की बसतो, आबा," एजंट म्हणाला.

"आन माणूस?" मामांनी पडल्या पडल्याच विचारलं.

त्या सुमारास नवऱ्याच्या कंपनीत इस्लामपूरच्या शाखेत बदलीची बोलणी चालली होती. बदली झालीच तर सांगली जवळ पडेल, म्हणून आम्ही तिकडेही बघायला लागलो. एका फ्लॅटला 'नदीचं दृश्य' होतं. फोटोत बाल्कनीच्या खाली चमचमणारं पाणी, अगदी हात घालावा इतकं जवळ. माझ्या बाबांनी चष्मा लावून फोटो बघितला आणि म्हणाले, "अगं, हा पुरातला फोटो आहे. ते पाण्यातून वर आलेलं टोक दिसतंय ना, ते आपल्या ओळखीच्या दुकानाचं छप्पर आहे." आई हसता हसता खुर्चीत बसली. मी पुढचा फोटो उघडला, तर आत हॉलमध्ये निळा सोफा. आमच्या आधी तो सांगलीला पोचला होता.

बदली झाली नाही, आणि आम्ही पुन्हा साताऱ्यातच शोधू लागलो. एव्हाना घरापेक्षा सोफाच सापडावा असं मला वाटायला लागलं होतं. कुठेतरी ते घर असणारच होतं. ते विकाऊ असलं तर डोळे झाकून घेऊ, असं मी नवऱ्याला म्हणालेही.

मग एका रविवारी त्याच एजंटचा फोन आला. एक चांगला फ्लॅट आहे, पण मी कराडला अडकलोय; किल्ली माझ्या घरी आहे, बायको देईल, तुम्ही बघून घ्या. आम्ही तिघं पत्ता शोधत गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि मामा तिला ओलांडून सरळ आत गेले. सोफ्यावर बसले, पिवळी उशी मांडीवर घेतली आणि दाबून पाहिली.

"ह्योच त्यो," म्हणाले.

भिंतीवर कॅलेंडर होतं, अक्षरं सुलटी होती. मनीप्लँट कोपऱ्यात होता. मला अशा वेळी हसू आवरत नाही, म्हणून मी पदर तोंडाला लावला. त्या बाईंना वाटलं मला मळमळतंय, त्या लगबगीने लिंबूसरबत घेऊन आल्या. मग सांगणं भागच पडलं. नवऱ्याने मोबाईल त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी एकेक जाहिरात निगुतीने बघितली. आपला हॉल शाहूपुरीत, आपला हॉल गोडोलीत, आपला हॉल सांगलीला नदीकाठी. मग म्हणाल्या, "हे पडदे तेव्हा धुवायचे राहिले होते." आणि फोटोखालची 'तातडीने विकणे आहे' ही ओळ वाचल्यावर त्यांनी स्वतःच्या नवऱ्याला फोन लावला.

"आपलं घर विकताय का हो?" त्यांनी विचारलं. "नाही, गिऱ्हाईक समोर बसलंय म्हणून विचारलं."

कराडला अडकलेला माणूस पाच-सात मिनिटांत दारात हजर झाला. कुठे होता ते कुणी विचारलं नाही. तो बिचारा सांगायला लागला, की दिवाळीत घर आवरलेलं होतं, उजेड चांगला होता, फोटो झकास आले. रिकाम्या खोलीच्या फोटोकडे कुणी बघत नाही. सांगलीच्या मित्राने मागितले, त्यालाही दिले. तुझं घर लोकांना आवडतं, याचा मला अभिमानच वाटायचा, असंही तो म्हणाला. ते खरं असावं.

पण बाईंचा चेहरा उतरला होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या जुन्या मैत्रिणीने सगळ्या बायकांसमोर विचारलं होतं, घर विकायची वेळ आली का गं, काही अडचण आहे का? यांना वाटलं, मुद्दाम चारचौघींत टोचून बोलतेय. तेव्हापासून बोलणं बंद होतं. "तिनं हेच बघितलं असणार," त्या म्हणाल्या. "काळजीनं विचारत होती ती, आणि मी तिचं वाण तिथंच ठेवून निघून आले."

एजंट मान खाली घालून उभा होता. आम्हाला उठावं की बसावं कळेना. मामांनी उशी हळूच जागेवर ठेवली. शेवटी बाईच उठल्या, डोळे पुसले, किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "चला ताई, फ्लॅट मी दाखवते."

त्यांनी तो फ्लॅट जसा दाखवला तसा आधी कुणी दाखवला नव्हता. दुपारनंतर स्वयंपाकघरात दिवा लावावा लागेल, म्हणाल्या. ओटा बुटका आहे, कंबर भरून येईल. हा वरचा मजला, इथं पाणी बारीक येतं. शेजारचे काका पेटी शिकतायत आणि त्यांना एकच गाणं येतं. मागे उभा असलेला एजंट प्रत्येक वाक्याला डोळे मिटत होता. बाल्कनीतून काहीच दिसत नव्हतं, नाही म्हणायला एक शेवग्याचं झाड होतं. मामा बेडरूममध्ये आडवे झाले, आणि त्यांचे पाय आतच राहिले.

"दार लागतंय," ते म्हणाले. "घेऊन टाका."

घरी येऊन आम्ही आठवडाभर विचार केला आणि तोच घेतला. ओटा उंच करून घेतला. वास्तुशांतीला एजंट जोडीने आला. त्यांच्याबरोबर आणखी एक बाई होत्या. ही माझी मैत्रीण, एवढंच बाईंनी सांगितलं, आणि दोघी पंगतीत शेजारी शेजारी बसल्या.

आता जाहिरातीचे फोटो बाईच काढून घेतात. प्रत्येक खोलीत त्या स्वतः उभ्या राहतात, म्हणजे खोली केवढी आहे ते बघणाऱ्याला कळतं. फोन कमी येतात, असं एजंट म्हणतो, पण आलेली माणसं निदान भांडत नाहीत. परवा नवऱ्याने एका प्लॉटची जाहिरात दाखवली. बोडक्या माळावर चारी बाजूंना काही नाही, आणि मधोमध त्या छत्री घेऊन उभ्या आहेत, उन्हाने कपाळाला आठ्या घालून.