घमेलंभर आटो

विजेच्या प्रश्नावर गोंदियात जी जनसुनावणी झाली, तिथे लाईट एकदाही गेली नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल, या बाईला चांगलं काही दिसतच नाही. एसी गार, चहा गरम, आणि साहेब लोक इतके ताजेतवाने की आमच्याकडच्या लाईनीवर ते एक दुपारही जगले नसते.

प्रश्न असा होता: कोळशावरचे जुने वीजसंच म्हातारे झाले, ते बंद करू द्यायचे की नाही, हे राज्याचा वीज आयोग ठरवणार. त्याआधी लोकांचं ऐकून घ्यायचं, असा नियम. म्हणून नवेगाव बांधाकडून आम्ही गाडीभर लोक निघालो. पुढारी अर्थातच आमचे माजी सरपंच. सरपंचकी जाऊन जमाना झाला, पण 'माजी' हे पद त्यांच्याकडून कोण काढून घेणार?

मला त्या संचांचं काही सोयरसुतक नव्हतं. माझा जीव अडकला होता माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. नवरा नागपुरात नोकरीला, उन्हाळी धान मी एकटीनं लावलेला. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आधीच बजावलं होतं, "एक हंगाम करून पाय. नाई जमलं त बांधी बटईनं देऊन टाकतो." अर्ध्या वाट्यानं कसायला घेणारा तयारच होता. शेजारच्या बांधीचे मालक, हेच माजी सरपंच. धान गर्भात आलेला. त्याला आता पाणी हवं होतं, भाषण नको.

मिळालं भाषणच. "संच बंद कराल त आमचा धान मरून जाईन!" माजी सरपंच गरजले. टाळ्या पडल्या. मी उठून, आमची डीपी, म्हणजे मोटारींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, सारखी जळते म्हणाले, तर साहेब गोड हसले. "ताई, हा विषय संचांचा आहे. डीपीसाठी तालुक्याला जा." बाजूच्या इंजिनियरनं मात्र विचारलं, "मोटारींना आटो तर नाही ना लावले?"

आटो म्हणजे मोटारीच्या पेटीत बसवायची तळहाताएवढी डबी. लाईन आली की मोटार आपोआप सुरू. मोटार शेतात, मालक खाटेवर. पण सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीला भार सोसत नाही. म्हणून त्याला मनाई.

"नाई साहेब!" अख्खं गाव एका सुरात. एवढा एकोपा मी आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही पाहिला नव्हता. माजी सरपंचांनी तर गळ्याला हात लावला. "देवाशपथ, एकाच्याबी मोटारीले नाई."

पुढे आदेश आला: दुसरी वीज उभी राहीपर्यंत संच बंद करायचे नाहीत. बापरे, काय तो गुलाल! मंदिरासमोर माजी सरपंचांचा सत्कार ठेवला, शाल-नारळासकट. सगळा महाराष्ट्र त्यांनीच उजळला होता ना! मी गेले नाही. निम्म्या गावानं एका दिवशी, निम्म्यानं दुसऱ्या दिवशी मोटारी लावायच्या असं ठरलं होतं, आणि त्या दुपारी पाळी आमची होती. मी पेटीजवळ उभी राहिले.

लाईन आली. माझा हात बटनाला लागायच्या आत चारी बाजूंच्या मोटारी, पाळी नसलेल्यांच्याही, घुरघुरल्या. शेतात चिटपाखरू नाही, आणि मोटारी सगळ्या हजर. डीपीत धाडकन आवाज झाला, तेल गळायला लागलं. तिकडे मंदिरासमोर फटाके सुरू होते, त्यामुळे कोणाला काही ऐकूच गेलं नाही.

रडू आलं मला. रागानं आलं. आयोगानं वीज वाचवली, ती डोंगरदऱ्यांतून आमच्या खांबापर्यंत नीट आली, आणि शेवटच्या खांबावर आम्हीच तिला खाल्लं.

तशीच चिखलाच्या पायांनी सत्कारात गेले. "डीपी जळाली. आटो कोणाकोणाचे हायेत?"

"आमचा नाई." "आमचाबी नाई." माजी सरपंच शाल सावरत म्हणाले, "सुनावणीत सांगतलं ना बाई, गावात आटोच नाई. कायले वाद घालून राहिली?"

"बरं. नाई त नाई," मी म्हटलं.

घरून पेचकस आणि घमेलं घेतलं आणि एकेक पेटी उघडत गेले. शॉकची भीती नव्हती, तेवढी सोय गावानं करूनच ठेवली होती. प्रत्येक पेटीत आटो. माजी सरपंचांच्या पेटीत तर दोन निघाले, एक चालू, एक राखीव. माणूस दूरदृष्टीचा! घमेलं आणून आमच्या ओसरीवर ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. मागायला कोणी येईना. गावात नसलेली वस्तू मागायची तरी कशी?

नवी डीपी बसली आणि टिकली. तोवर माझा उंचवट्यावरचा धान पोचट झाला, बाकीचा वाचला. माजी सरपंच बटईचं बोलायला आलेच. "बाईमाणसाले कुठवर जमन जी?" असं मामाजींना म्हणता म्हणता त्यांची नजर घमेल्यावर गेली. मग चहा बशीत ओतून प्यायले, यंदा ऊन लय हाय म्हणाले आणि उठून गेले.

ते गेल्यावर मामाजी उठून घरामागच्या वाडीत जाऊन आले. तिथे त्यांची स्वतःची मोटार, त्याच डीपीवरची. तेवढी एक पेटी मी उघडली नव्हती, सासऱ्याची म्हणून. त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला, आणि घमेल्यात आणखी एक आटो पडला.

"आपलाबी होता," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. "बांधी तुयाजवळच राहू दे."