डाव्या हाताचे वेढे

मॉरिसचा डावा हात खंडोजींना होसकोटेच्या एका भंगारवाल्याकडे सापडला, तोही सात महिन्यांनी. हात म्हणजे वीतभर लांबीचा इशारा. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या गाडीला वळणाचे दिवे नव्हते. दारामागच्या खांबातून असा एक हात खट्कन बाहेर यायचा, पोटात पिवळा दिवा लावून, आणि वळण संपलं की मुकाट्यानं आत जायचा. उजवा शाबूत होता. सापडलेल्या डाव्याचं आतलं रीळ मात्र जळून काळं पडलं होतं. तांब्याच्या तारेच्या त्या वेढ्यांत वीज खेळली की हात उचलला जातो.

गाडी उल्काची. ती पुण्याहून येऊन व्हाइटफील्डला नोकरी करत होती. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती आणि तिला मॉरिस दोन्ही हातांनिशी न्यायची होती.

"काका, नाहीच जमलं तर आत एलईडीची पट्टी टाका ना. बाहेरून सेम दिसेल."

"दिसेल सेम. उचलणार नाही सेम," खंडोजी फोनवर म्हणाले.

खंडोजी अडुसष्ट वर्षांचे. घराणं शहाजीराजांच्या काळात इथं आलं असं घरात सांगत; खंडोजींना त्यात फार रस नव्हता. ते मराठी बोलत आणि कन्नडमध्ये रागावत. अठराव्या वर्षी ते जे. सी. रोडवरच्या दुकानात मल्हाररावांच्या हाताखाली लागले, आणि डायनामो, हॉर्न, वायपरच्या मोटारी खोलता खोलता पन्नास वर्षं गेली. आता गविपुरमच्या घराची पुढची खोली हेच दुकान.

त्यांची रीत मल्हाररावांचीच. जुनं रीळ उलगडताना वेढे मोजायचे, दर शंभराला एक चिंचोका वाटीत टाकायचा, आणि नवी तार तितकीच गुंडाळायची. वेढे कमी पडले तर रीळ तापून जळतं, तेही भर रस्त्यात, दुसऱ्याच्या गाडीत. म्हणून मल्हाररावांचा एक नियम होता: ज्या दिवशी मोजणी चुकेल, त्या दिवशी पक्कड खाली ठेवायची. त्यांनी तो पाळला होता. एका दुपारी त्यांनी पक्कड ठेवली, चपला घातल्या आणि पुन्हा दुकानात आले नाहीत.

बुधवारी सकाळी खंडोजी खिडकीशी रीळ उलगडत बसले. शेजारी राजलक्ष्मी वर्षाची चिंच सोलत होती. चिंचोके तिच्याच ढिगातले, वाट्याही एकाच संचातल्या. तार ठिसूळ झाली होती, जागोजागी तुटत होती. तुकडे ते एका डब्यात टाकत होते. शेवटचा वेढा सुटला तेव्हा त्यांनी वाटीकडे पाहिलं.

"दोनच?"

"अहो, सकाळपासून उलगडताय आणि दोन?" राजलक्ष्मीनं आपल्या वाटीत डोकावलं. "अय्यो! माझ्या वाटीत टाकलेत की! तरीच म्हटलं, यंदा चिंचेला बिया फार."

ती हसली. खंडोजी हसले नाहीत. पन्नास वर्षांत हे पहिल्यांदा होत होतं. त्यांनी पक्कड पुसली, पेटीत ठेवली आणि पेटी कपाटावर चढवली.

"उल्काला कळव. पट्टी टाकून घे म्हणावं, दुसऱ्या कुणाकडून."

"उजवा हात आहे ना? त्याचे मोजा."

"एक डोळा गेला म्हणून दुसरा फोडू?"

दुपारी दोघं जेवायला बसले. ताक वाढता वाढता राजलक्ष्मी थांबली.

"ते तारेचे तुकडे टाकले का?"

"डब्यात आहेत. का?"

"माझी तुटकी साखळी मोडायला नेली होती, तेव्हा सोनारानं कड्या मोजल्या होत्या?"

खंडोजींचा घास हातातच राहिला.

"तोलली होती," ते हळूच म्हणाले. मग, "तेवढ्याच जाडीची नवी तार, तेवढ्याच वजनाची... पण जुन्याचा मुलामा जळलाय. स्वल्प फरक पडेल."

"पडू दे. मी मीठ मोजून घालते का?"

चिकपेटला मेट्रोतून उतरून दोघं नगरथपेटेत रघुपती सराफाकडे गेले. त्यानं डबा उघडला, काळ्या तुकड्यांकडे पाहिलं, मग राजलक्ष्मीकडे.

"अक्का, यात घट किती धरू?"

"तुम्ही नुसतं तोला. घट आम्ही घरी धरू."

चौतीस ग्रॅम भरले. खंडोजींनी आणलेल्या नव्या तारेतून रघुपतीनं तेवढीच तोलून दिली आणि काही न घेता वर कॉफी पाजली. त्या तराजूत आजवर तांबं पडलं नव्हतं म्हणे.

गुरुवारी खंडोजींनी पेटी खाली काढली. तार सरळ पडत होती, वेढ्याला वेढा खेटून. या वेळी राजलक्ष्मी मोजत होती, ओठ न हलवता, आणि चिंचोके आपल्याच वाटीत टाकत होती. तार संपली तेव्हा ती म्हणाली, "सातशे अडतीस."

त्यांनी तारा बॅटरीला लावल्या. क्षणभर काहीच नाही. मग खट्. हात पूर्ण वर आला, आडवा, ताठ. खंडोजींनी रिळावर बोट ठेवलं. पाच मिनिटं ठेवून दिलं. कोमट होतं, तापत नव्हतं.

शनिवारी उल्कानं बटण दाबलं, परत दाबलं, मग उगाचच आठ-दहा वेळा.

"काका, हा तर वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा हात वर करतोय! माझ्या एका मित्राकडे जुनी फियाट आहे, तिचा हॉर्न घोगरा झालाय. आणायला सांगू?"

खंडोजींनी पेटीकडे पाहिलं. मग राजलक्ष्मीला म्हणाले, "मल्हाररावांचा नियम आहे."

"त्यांच्या घरी मोजायला कोण होतं?"

त्यांनी आठवून पाहिलं. "कोणी नव्हतं. एकटेच होते."

"मग तो नियम एकट्या माणसाचा," राजलक्ष्मी म्हणाली आणि उल्काकडे वळली. "आणायला सांग गं. पुढच्या आठवड्यात. माझी अर्धी चिंच सोलायची राहिलीय अजून."

"सरी, आणू दे," खंडोजी म्हणाले आणि तिच्यासाठी वेगळी, पितळेची वाटी शोधायला स्वयंपाकघरात गेले.